क्लॅरिनेटच्या ओळी

"हे नको," म्हणून वाल्मिकने चौथा कागदही बाजूला सारला.

"याला काय झालं, बाबा?" सुरभीने विचारलं.

"लांबट हाय जरा."

लांबट कसलं, दोन-अडीच मिनिटांचं गाणं ते. पण त्यात मध्येच दोन ओळी क्लॅरिनेट एकटं वाजत होतं, आणि वाल्मिकला नेमकं तेच नको होतं. खोलीतल्या सगळ्यांना ते कळत होतं, पण बोलणार कोण? ज्याचं क्लॅरिनेट तो बुधाजी खिडकीशी बसून नळी पुसत होता. पुसून पुसून तिचा रंग जायची वेळ आली होती.

शिळफाट्याच्या मागच्या गल्लीतल्या पत्र्याच्या खोलीत वाल्मिकचं बँडपथक सकाळपासून कागद निवडत होतं. कर्जतच्या सभागृहात कार्यक्रम होता. वरात नाही, नाचणारे नाहीत. खुर्च्यांवर बसून वाजवायचं आणि समोरच्यांनी गप्प बसून ऐकायचं. शाळेत संगीत शिकवणाऱ्या सुरभीने बापासाठी गाणी सारेगममध्ये लिहून आणली होती, प्रत्येक वाद्याच्या ओळी वेगळ्या. दोन गाण्यांची नावं आयोजकांना आजच कळवायची होती. मार्चची धून पहिल्या झटक्यात ठरली. दुसऱ्या गाण्यापाशी घोडं अडलं.

"बसून वाजवायचं म्हंजे वैताग हाय," ड्रमवाला कमलेश म्हणाला. "पाय आपसूक चालाय लागतात माझं."

 वाल्मिक कधी पाचवा कागद उचलत होता, कधी पुन्हा पहिला.

बुधाजीची पाठवणीची चाल खालापूरच्या बाजूला गाजलेली. नवरी उंबऱ्याबाहेर पडली की बाकीचा बँड थांबायचा आणि एकटं क्लॅरिनेट सुरू व्हायचं. लग्नाची तारीख धरण्याआधी बुधाजी मोकळा आहे का, ते लोक विचारून जात. मग त्याचे पुढचे दात गेले, कवळी आली, आणि सूर लावला की नळीतून कोंबडीच्या पिल्लासारखी चिंचिं निघू लागली. तेव्हापासून पाठवणीला बुधाजी नुसती बोटं फिरवायचा, आणि त्याच्या पाठीशी उभा राहून वाल्मिक तीच चाल ट्रंपेटवर हलक्या फुंकीने काढायचा. आयाबाया अशा हंबरडा फोडून रडतात, की कोण काय वाजवतंय हे कोणाच्या बापाला कळणार! झाकली मूठ सव्वा लाखाची. दोघांत त्यावर कधी शब्द झाला नव्हता.

सभागृहात मात्र कोणी रडणार नव्हतं. वर आयोजकांनी फोनवर कौतुकाने सांगितलं होतं, क्लॅरिनेटला वेगळा माईक देऊ म्हणून.

पाचवा कागदही बाजूला गेला तशी सुरभीचा धीर सुटला. "बाबा, क्लॅरिनेट नसलेलंच गाणं हवं असेल तर सरळ सांगा ना!"

बोलली आणि तिने जीभ चावली. बुधाजीचा हात थांबला. तो उठून वाल्मिकजवळ आला.

"ऊठ रं जरा."

"कशाला, दादा?"

"ऊठ तर."

वाल्मिक उठला. त्याच्या मांडीखालून पाठवणीचा कागद निघाला. सकाळपासून तो त्याच्यावरच बसला होता. बुधाजीने कागद झटकून सरळ केला. "ह्ये वाजवू."

"पाठवणी? कार्यक्रमात? कुणाची पोर चाललीय, दादा?"

"वाजवू तरी. आन ट्रंपेट खाली ठेव तुझं. माझ्या ओळी माझ्या हायेत."

सगळ्यांनी वाद्यं उचलली. सुरुवात झाली, ठरल्या जागी बँड थांबला, आणि बुधाजीने क्लॅरिनेट ओठांना लावलं. फुंकलं नाही. नुसती बोटं फिरवली. शेकडो लग्नांच्या गोंगाटात कधी ऐकू न आलेला आवाज त्या खोलीत आला, नळीवरच्या चाव्यांची टकटक. बाहेर घाटाकडे जाणारे ट्रक ऐकू येत होते आणि आत फक्त ही टकटक. वाल्मिकचा हात दोनदा ट्रंपेटकडे गेला आणि मागे आला.  ओळी संपल्या तरी पुढचं वाजवायचं कोणाला सुचलं नाही.

बुधाजीने क्लॅरिनेट खाली घेतलं. "आयकलंत? येवढंच वाजतंय माझं."

"दादा, कुणाला कळत नाय ते."

"मला कळतंय ना रं! नवरीचा बाप येऊन माझा हात धरतो. बुधाजी, रडवलंस म्हणतो. मी आपली मान हलवतो. घरी गेल्यावर घास उतरत नाय मला." त्याने कागद सुरभीपुढे धरला. "हितं क्लॅरिनेट खोड, पोरी. ट्रंपेट लिही. आन वाल्मिक, तू वाजव. पण पुढं बसून वाजव. माझ्या पाठीमागनं नको."

सुरभीने बापाकडे पाहिलं. मग तिने खोडलं.

"आन तुमी?" वाल्मिकने विचारलं. 

"मी हाय की समोर. आयकायला नको कुणी?"

बुधाजीने क्लॅरिनेट पेटीत ठेवलं आणि खुर्ची ओढून तो वाल्मिकच्या समोर बसला. वाल्मिकने ट्रंपेट उचललं. लपून इतक्या वेळा वाजवलेली चाल, पण ओठ कोरडे पडले. समोरच्या कागदावरची अक्षरं हलायला लागली. त्याने ट्रंपेट खाली घेतलं, पुन्हा उचललं, पुन्हा खाली घेतलं.

समोर बुधाजीने दोन्ही हात छातीपुढे धरले आणि हातात नसलेल्या क्लॅरिनेटवर सावकाश बोटं फिरवायला सुरुवात केली.

वाल्मिकने कागद बाजूला केला आणि त्या बोटांकडे बघत पहिला सूर लावला.