रोज तीन ग्रॅम

काळ्या पिलाचं वजन काल ब्याण्णव ग्रॅम होतं. आज एकोणनव्वद.

अरुणाने काटा शून्यावर आणून पिलू पुन्हा ठेवलं. एकोणनव्वदच. त्याच्या अंगाला, पार शेपटीच्या टोकापर्यंत, बारीक कंप सुटला होता. या वयाच्या पिलाने दिवसाला दहा ग्रॅम तरी वाढायला हवं. हे रोज तीन ग्रॅम घटत होतं.

"आता बॅच नंबर पण टाका त्यांच्यावर," चंदा भांडी घासता घासता म्हणाली. "कंपनीतून माल पास करायचा असल्यासारखं करून राहिल्या ताई तुम्ही."

अरुणा मसाटच्या एका औषध कंपनीत जंतूंच्या तपासणीचं काम बघायची. चंदा मूळची साक्रीची. रोज जवळच्या रांधा गावाहून येऊन ती सिल्वासातल्या या कॉलनीत चार घरची कामं करायची. सहा दिवसांपूर्वी एका भटक्या मांजरीने अरुणाच्या मागच्या वऱ्हांड्यात, कूलरच्या रिकाम्या खोक्यात चार पिलं घातली, ती पहिल्यांदा चंदालाच दिसली होती.

पहिला दिवसभर मांजरी पिलांपाशी होती. रात्री ती खायला गेली तेव्हा अरुणाने खोकं आतून पुसून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तिने पाठच फिरवली. यायची, खोक्याच्या काठावर पुढचे पाय ठेवायची, नाक आकसायची, शिंकायची आणि मागे सरायची. मग कुंपणावर बसून ओरडत राहायची. पिलांना जवळ मात्र घ्यायची नाही.

"आई म्हणायची का वैरीण!" अरुणा म्हणाली.

"पहिलटकरीण असंन. तुम्ही हात काढून घ्या ना, ताई. तिचं ती पाहून घेईन. मांजर सात घरं हिंडवल्याशिवाय पिलं वाढवत नाही."

"हिला एक घर धड सांभाळता येत नाही. मी हात काढला आणि पिलं मेली तर?"

"आणि नाही काढला तर?"

"उद्या बघू." अरुणा रोज हेच म्हणायची.

वापीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवर तीनच गोष्टी सांगितल्या होत्या. दर दोन तासांनी दूध, ऊब आणि स्वच्छता. अरुणाने आठवड्याची रजा टाकली. शेळीचं दूध मिळवलं, कोमट करून ड्रॉपरने थेंब थेंब पाजलं. खोक्यावर साठ वॅटचा बल्ब टांगला. स्वच्छतेचं तर तिला कुणी शिकवायची गरजच नव्हती. आधी पुसायचं, मग हात लावायचा, हा तिचा बारा वर्षांचा शिरस्ता. दर खेपेला ती खोकं आतून फिनाइलच्या पाण्याने पुसून काढायची, खालचं फडकं बदलायची आणि त्याच पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवून मगच पिलू उचलायची. बारा वर्षांत तिच्या हातून एकही नमुना खराब झाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी चारांची तीन झाली. पांढऱ्या पायांचं पिलू दिसेना.

रक्त नव्हतं. केसांचा पुंजका नव्हता. पण कान फाटलेला एक बोका दोन दिवस भिंतीवर येऊन बसत होता, आणि बोके पिलं खातात हे अरुणाला माहीत होतं.

 त्याच दिवशी तिने वऱ्हांड्याच्या जाळीला प्लायवूड ठोकलं, आईला यायला तेवढी वीतभर फट ठेवली. पत्र्यावर काही धपकलं की हातातला घास टाकून ती मागे धावायची, पिलं मोजायची. तीन. पुन्हा मोजायची. बोक्याने चारातलं एकच का नेलं, हा प्रश्न तिला पडला होता. पण त्याच्यामागे लागायला वेळ कुठे होता? दुधाच्या वासाने तो पुन्हा येऊ नये म्हणून तिने खोकं दुपटीने पुसायला सुरुवात केली.

आणि आज एकोणनव्वद.

दुपारी काळं पिलू तिच्या तळहातावरच गेलं. ड्रॉपरमधलं दूध त्याच्या ओठांवरून परत आलं, कंप थांबला, आणि तिला क्षणभर बरंच वाटलं. मग कळलं.

चंदाने ते वर्तमानपत्रात गुंडाळलं. "शेजारच्या क्वार्टरमागे माती भुसभुशीत आहे. मी पुरते. तुम्ही बसा."

"मी येते."

शेजारचं क्वार्टर वर्षभर बंद होतं. चंदा जिन्याजवळ उकिडवी बसून खुरप्याने माती उकरू लागली. उरलेल्या दोघांना आता कुठे हलवावं, घरात घेऊन दार लावावं का, याचाच विचार अरुणा करत होती. तेवढ्यात चंदाचं खुरपं थांबलं.

"ताई. इकडं या. हळू."

जिन्याखाली सिमेंटच्या फाटक्या गोण्या पडल्या होत्या. त्यांच्यावर जळमटं, पाचोळा, उंदरांच्या लेंड्या. त्या घाणीत मांजरी निवांत आडवी पसरली होती आणि पांढऱ्या पायांचं पिलू तिच्या पोटाला लुचत होतं. गरगरीत झालं होतं. दीडशेच्या वर असणार, काट्याची गरज नव्हती.

अरुणाने नकळत हात पुढे केला. मांजरीने मान उचलली. नाक आकसलं. शिंकली. आणि पंजाने पिलाला ओढून पोटाखाली दडवलं. चंदाचा मातीने भरलेला हात त्याहून जवळ, गोणीवरच टेकलेला होता. त्याच्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

अरुणाने आपला हात नाकाशी नेला, फिनाइलचा वास आला, आणि ती मागे सरली. भिंतीला पाठ लागेपर्यंत सरत गेली.

"चंदा," ती म्हणाली, "ती दोघं तूच उचल. नुसत्या कोमट पाण्याने पूस आणि हिच्यापाशी आणून ठेव. मी आता त्यांना हात लावणार नाही."