अर्धी घोषणा

"मैफलीत लय वाढली की तू निघ हं, आई," एवढंच लेक सकाळी म्हणाली होती. पण आईचा पाय काही निघेना. लय वाढली, तशी गायिकेमागे बसलेल्या लेकीने तंबोरा खाली ठेवला आणि उभी राहून घोषणा दिली, "तुरुंगातल्या मुलांना..."

पुढचं लोकांनी म्हणायचं होतं. पण पहिल्याच रांगेत मंत्री बसलेले. कुणी ब्र काढला नाही. दोन शिपायांनी लेकीचे दंड धरले. हात जोडत आई पुढे धावली. "सोडून द्या हो."

"सोडून द्या," मागून एका बाईचा खणखणीत आवाज आला.

आईने घाबरून वळून पाहिलं. "अहो, मी माझ्या मुलीचं म्हणतेय."

"मीही माझ्या मुलाचंच म्हणतेय, ताई."