बोलिव्हियाचं आरमार

आटपाडीचे दादासो दरवर्षीसारखे अंगणात वाघर सांधत बसले होते. मेंढरं कोंडायची ती जुनी जाळी.

"आवं, मेंढरं इकून धा वर्सं झाली. आता डाळिंबं कोंडायची हायती का तिच्यात?" बनाबाई करवादल्या.

दादासोंनी पुढची गाठ आवळली.

ओसरीवर नात पूनम स्पर्धा परीक्षेचं पुस्तक मोठ्यानं वाचत होती. "बोलिव्हियाचा समुद्रकिनारा युद्धात गेला, त्याला शंभरावर वर्षं झाली. तरीही या देशाचं आरमार आहे. ते तळ्यात सराव करतं."

"समुद्र न्हाई, मग आरमार कशापायी?" बनाबाईंनी विचारलं.

"कवातरी परत मिळंल, असं वाटतं त्यास्नी, आज्जी."

बनाबाईंनी दादासोंच्या हातातल्या जाळीकडं पाहिलं. मग नवऱ्याजवळ बसून त्यांनी वाघरीचं दुसरं टोक मांडीवर घेतलं.

"सुतळी द्या हिकडं. हितं बी फाटलीया."