चौथा रकाना

अंबूबाई शांतवन मास्तरांच्या घरी खाटेवर टेकली, उठली, दारापर्यंत जाऊन परत आली. मास्तरांच्या पत्नी विनोदिनीबाईंनी पुढं ठेवलेल्या पाण्याच्या तांब्याला तिनं हात लावला नाही. विट्याच्या त्या बाजूला यंदा विहिरी तळाला गेल्या होत्या, बाई उन्हातून एसटीनं सांगलीपर्यंत आली होती, तरी नाही.

"घसा कोरडा पडलाय तुमचा," विनोदिनीबाई म्हणाल्या.

"पडू द्या. मास्तर, आदी कागद बगा."

कागद म्हणजे तीन आंतरदेशीय पत्रं, घड्यांवर फाटत आलेली. एकाहत्तरचं युद्ध संपून सव्वा वर्ष झालं होतं. अंबूबाईचा मुलगा सयाजी त्यात गेला, आणि त्याच्या पलटणीतल्या तिघांनी त्याच्या शेवटच्या घटकेचं तिला लिहून कळवलं होतं.

शांतवन मास्तरांनी चष्मा पुसला. सयाजीला मुळाक्षरं त्यांनीच गिरवायला लावली होती. तेव्हा ते तिच्या गावच्या शाळेवर होते, आणि शाळा सुटल्यावर ओट्यावर बसून वही लिहीत. येशूची गोष्ट बायबलात चौघांनी सांगितलेली, चौघांच्या चार तऱ्हा. मास्तर पानावर चार रकाने आखून एकेक प्रसंग शेजारी शेजारी उतरवीत. गाव त्यांना 'चौघांचे पंच' म्हणे. एकोणीस वर्षं झाली, पंचांचा निकाल काही लागला नव्हता. हे मात्र अंबूबाईला कुणी सांगितलं नव्हतं.

मास्तरांनी पत्रं वाचली. नाथाजीनं लिहिलं होतं, सयाजी पाणी पाणी म्हणत होता, पण कुणाच्याच बाटलीत थेंब नव्हता. हरिबानं लिहिलं होतं, मी माझ्या हातानं दोन घोट पाजले, मग त्यानं मान टाकली. धुळाच्या पत्रात चारच ओळी होत्या. गोळी लागली, जागच्या जागी गेला, काही बोलला नाही.

"तोंडपाठ हायती मला," अंबूबाई म्हणाली. "माझा सयाजी पाणी प्याला का न्हाई, तेवढं सांगा. तांब्या तोंडाला लावला की त्येच येतंय म्होरं. घोट खाली उतरत न्हाई."

"धुळाचं खरं असेल अंबूबाई. मग तहान लागायला वेळच..."

"आसंल? आसंल तर मला बी म्हणता येतंय!" ती पुन्हा उठली. "तुमी चौघांचं एक करता न्हवं? हे तर तीनच हायती."

हरिबाचं खरं, असं ठोकून द्यावं आणि बाईला मोकळं करावं, असं मास्तरांच्या फार मनात आलं. एकोणीस वर्षांची सवय आडवी आली. त्यांनी फडताळातून वही काढली आणि वधस्तंभाचं पान उघडलं.

"हे बघा. येशूला खिळे ठोकले, तेव्हा प्यायला दिलं होतं का, ते इथं आहे. मार्क म्हणतो, दिलं पण त्यानं घेतलं नाही. मत्तय म्हणतो, चाखून बघितलं आणि नको म्हणाला. लूक म्हणतो, शिपायांनी आंबट रस पुढं केला. प्याला का नाही, ते लिहीत नाही. आणि योहान म्हणतो, तहान लागली म्हणाला, रस घेतला आणि प्राण सोडला."

"मग खरं कुणाचं?"

"मला अजून ठरवता आलं नाही."

अंबूबाईनं पानावर हात ठेवला. तिला अक्षर येत नव्हतं. "आई हुती का त्याला?"

"होती. तिथं जवळच उभी होती, असं योहान लिहितो."

"तिला इचारलं कुणी?"

मास्तरांनी चारही रकान्यांवरून बोट फिरवलं.

"चौघांनी लिवलं. तुमी इतकी वर्सं आखताय. आईचं घर कुटं हाय ह्यात?"

मास्तरांनी तिच्या पत्रांसाठी कोरं पान काढलं, पट्टी लावली आणि रेघा ओढल्या. पहिल्या घरात नाथाजीचं उतरवलं, दुसऱ्यात हरिबाचं, तिसऱ्यात धुळाचं. मग पेन थांबलं. हाताच्या सवयीनं रकाने चार आखले गेले होते, तेही शाईनं.

अंबूबाई वाकून बघत होती. अक्षर येत नसलं तरी मोजता येत होतं. "कागद तीन, घरं चार?"

"चुकून आखलं. थांबा, दुसरं पान घेतो."

"ऱ्हाऊ द्या." तिनं रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. "ह्यात माझं लिवा."

"तुम्ही कुठं होता तिथं?"

"तितं नव्हते. फाट्यावर हुते. दसरा झाल्यावर निगाला, तवा एसटीची वाट बगत हुतो. तांब्याभर पाणी प्याला, उभ्यानं, गटागटा. गळ्यावरनं सदऱ्यात वघळलं. 'आये, आजून हाय का?' म्हणाला. म्या वस्तीवर पळत जाऊन दुसरा तांब्या आणला. त्यो बी प्याला. ह्ये मला कुणी लिवून कळवलं न्हाई. म्या डोळ्यांनी बगितलंय."

मास्तरांनी लिहिलं.

"झालं?"

"झालं. वाचून दाखवू का?"

अंबूबाई खाटेवर बसली. मघाचा तांब्या तिनं जवळ ओढला.

"वाचा," ती म्हणाली. "पयल्यापास्नं नगं. माझंच तेवढं."