भंडारा लागलेला कॉम्प्युटर

बानू आत गेली आणि सरांचा चहा यायच्या आत बाहेर आली.

वाळूजच्या कंपनीसमोर टपरी होती. सर्जेराव सर तिथल्या बाकड्यावर बसले होते. अजिंठ्याकडच्या खेड्यातून पहाटेच्या एसटीनं पोरीला घेऊन निघालेला माणूस. अंग आंबून गेलेलं, पण तोंडावरचं हसू काही मावत नव्हतं. त्यांच्या शाळेतली पहिली पोरगी आज कंपनीत कॉम्प्युटरवर बसणार होती.

"झालं?"

"झालं."

"इतक्यात? वा रे पठ्ठे!" सरांनी आणखी एक चहा सांगितला, वर भज्यांची प्लेट सांगितली. "काय करायला लावलं?"

"एक पत्र टाइप करा म्हणले."

"ते तर तू डोळे मिटून करशील."

"नाय केलं."

सरांचं हसू जागच्या जागी राहिलं. बानूनं ओढणीनं तोंड पुसलं आणि एका दमात सांगून टाकलं. आतल्या मॅडम चांगल्या होत्या. बस म्हणाल्या, पाणी दिलं. पण कॉम्प्युटर सुरू केला तर त्याच्यावर विंडोज आलं. मग ती उठली. येत नाही का, असं मॅडमनी विचारलं. ही म्हणाली, नाय येत. मॅडमनी पुढच्या पोरीला हाक मारली. संपला इंटरव्ह्यू.

"अगं येडे!" सर ओरडलेच. टपरीवरची दोन माणसं वळून बघायला लागली. "आपलं लिनक्स काय अन् ते काय, टायपिंगला कुठं फरक पडतो? तीच बटणं, तेच पान. जरा इकडंतिकडं बघितलं असतंस तर सापडलं असतं सगळं."

"माहीत होतं मला."

"माहीत होतं? मग उठलीस कामून?"

"भंडारा उचललाय ना सर."

सरांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातला ग्लास त्यांनी खाली ठेवला.

शाळेला जुने कॉम्प्युटर मिळाले तेव्हाची गोष्ट. शहरातल्या मित्राकडून सरांनी लिनक्सच्या सीड्या आणल्या आणि स्वतः खपून एकेका मशीनवर चढवलं. फुकटचं, राजरोस वाटता येणारं. चोरून घेतलेलं विंडोज शाळेत नको, असं त्यांचं म्हणणं. त्यात वाईट काय होतं? काहीच नाही. पण सरांना नुसतं काम करून भागायचं नाही. कॉलेजात असताना नामांतराच्या मोर्चात घसा फोडून आलेला हा माणूस. घोषणा नाही, शपथ नाही, तर काम झाल्यासारखंच वाटायचं नाही त्यांना. पोरं बहुतेक धनगरवस्तीवरची. उद्घाटनाच्या दिवशी सरांना कल्पना सुचली. बिरोबाच्या देवळातला हळदीचा भंडारा मागवला, कॉम्प्युटरना लावला, पोरांच्या मुठीत दिला आणि वदवून घेतलं: आम्ही लिनक्सच वापरू, विंडोजला हात लावणार नाही. टाळ्या झाल्या, पेढे वाटले. सर घरी जाऊन विसरूनही गेले. अहो, शाळेच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर विंडोजच होतं! पगारबिलं त्याच्यावरच निघायची आणि ती काढायचे कोण, तर सरच.

सर गावातल्या शेतीवाल्या घरचे. भंडारा त्यांना कपाळाला लावण्यापुरता माहीत. वस्तीवर मात्र भंडारा उचलला की बोलणं संपलं. तो शब्द मोडायची कुणाची छाती नाही.

"बानू, अगं, ते समारंभापुरतं होतं गं." सरांचा आवाज पार खाली आला. "चोरीचं नको, एवढंच म्हणायचं होतं मला. कंपनीनं रीतसर विकत घेतलेलं असतं. त्याला हात लावला म्हणून काय बिघडत नाही. हे तेव्हाच सांगायला पाहिजे होतं मी. चुकलंच माझं."

"हात लावला असता, अन् उद्या एखादं मेंढरू पडलं असतं तर? आबानं मला विचारलं नसतं. पण मला तर माहीत असतं ना."

आबा म्हणजे सोनाजी, तिचा बाप. नोकरी लागली तर लग्न दोन वर्षं थांबवतो, असं त्यानं कबूल केलं होतं. नाही लागली तर याच उन्हाळ्यात बार उडवायचा. पाहुणे बघून गेले होते, पोरगी पसंत होती. सोनाजीची मनधरणी करायला सरच गेले होते.

सर ताडकन उठले. "चल. मी बोलतो त्या मॅडमशी. पाया पडतो पाहिजे तर."

वॉचमननं त्यांना गेटवरच अडवलं. तेवढ्यात बानूच्या मागून आत गेलेली पोरगी हसत बाहेर आली आणि बाहेर थांबलेल्या आईच्या गळ्यात पडली. वॉचमननं तिच्याकडं मान केली. "हो गया सर. जगह भर गई."

सर परत येऊन बाकड्यावर बसले. मग एकदम बोलायला लागले, "हे बघ, असं करू. घरी गेलो की आधी बिरोबाच्या देवळात जाऊ. मी नारळ फोडतो, माफी मागतो. शपथ मी घातली, तर सोडवतो पण मीच. चिकलठाण्याला कंपन्या काय कमी आहेत? सोनाजीला मी सांगतो, थांब म्हणून."

बानू त्यांच्याकडं बघत राहिली. रागावली नव्हती ती, आणि तेच सरांना सोसवेना.

"तुम्ही कसं सोडवणार, सर?" ती म्हणाली. "तुमच्या हातात भंडारा कुठं होता? तुम्ही तर फोटो काढत होता."