युलानची साक्षीदार

"मी काही लिहून देणार नाही," डॉ. चेन तिसऱ्यांदा म्हणाल्या आणि त्यांनी बिस्किटांची बशी अक्षयाकडे सरकवली.

अक्षयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॉव्हेंट्रीहून लंडनजवळच्या पिनरला ती काय बिस्किटं खायला आली होती?

प्रकरण एकोणसत्तर वर्षांपूर्वीचं. चीनमधल्या एका मिशनरी महिला कॉलेजातून युलान नावाच्या मुलीला शेवटच्या परीक्षेत नक्कल केली म्हणून काढलं होतं. त्याच कॉलेजवर अक्षयाची पीएचडी चालली होती. तिच्या मते नक्कल हा निव्वळ बहाणा. युलान बाप्तिस्मा घेत नव्हती, हा तिचा खरा गुन्हा! आता, दोन हजार पाच साली, मिशन तिला मरणोत्तर पदवी द्यायला राजी झालं होतं. अट एकच, वर्गातल्या कुणीतरी लेखी साक्ष द्यायची. आणि वर्गातल्या हयात होत्या फक्त डॉ. चेन.

"हुशार होती ना ती?"

"फार. माझ्या पुढच्याच बाकावर बसायची. मला फळा दिसायचा नाही. पाठीत पेन्सिल टोचली की सरकायची बिचारी." म्हातारी जराशी हसली.

"मग लिहा ना, की तिनं कॉपी केली नाही!"

"प्रिन्सिपल मिस हॅडली देवमाणूस होत्या. मला इथे डॉक्टरकीला त्यांनीच पाठवलं."

म्हणजे बाई खाल्ल्या मिठाला जागत होत्या! स्वतःची पदवी भिंतीवर फ्रेममध्ये, आणि मैत्रिणीसाठी दोन ओळी खरडायला हात जड. अक्षयाचा तोल सुटला.

"युलाननं जन्मभर लोकांचे कपडे धुतले, डॉक्टर. मी कॉपी केली नाही, असं मरेपर्यंत सांगत होती. तिची मुलगी कॉव्हेंट्रीत वाट बघतेय. तुम्हाला लाज कशी वाटत नाही?"

डॉ. चेननी भिंतीवरच्या फ्रेमकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी पेन मागितलं, सावकाश लिहिलं, सही केली आणि पाकीट बंद केलं.

"ट्रेनमध्ये वाच," त्या म्हणाल्या.

धमकावल्याशिवाय खरं बोलत नाहीत ही माणसं, असं पुटपुटत अक्षया ट्रेनमध्ये बसली आणि तिनं पाकीट फोडलं.

'युलाननं नक्कल केली नाही. मिस हॅडलींना मी खोटं सांगितलं. परीक्षेलाही ती माझ्या पुढच्याच बाकावर होती. मी पाठीत पेन्सिल टोचली आणि ती नेहमीसारखी सरकली. या वेळी मला फळा बघायचा नव्हता.'