थांब आणि चालू

अकोल्यात दुपारचं लोडशेडिंग सुरू व्हायच्या आत नगमाचं काम झालं. उद्याच्या तोंडी परीक्षेसाठी तिनं संगणकाच्या आत चालणारा एक छोटा संगणक लिहिला होता. त्यात आज दोन आज्ञा घातल्या: 'थांब' आणि 'चालू'. हा प्रोग्राम प्रत्येक पावलाला टिक असा आवाज करी. 'थांब' दिलं की टिकटिक थांबे. 'चालू' दिलं की थांबली तिथूनच पुढे सुरू होई.

"आमच्या कापसाच्या जिनिंगमधले पोट्टेबी थांब म्हटलं का थांबतेत," अब्बा म्हणाले.

"पण कुठं थांबलो हे ध्यानात ठेवतेत का, अब्बा? हा ठेवते. मी तसं लिहिलं हाये."

तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, संगणकाचा पडदा काळा झाला.

टिकटिक चालूच राहिली.

"तुया प्रोग्रामले लाइट गेल्याचं कोनं सांगतलंच नाई!" अब्बा मोठ्यानं हसू लागले.

नगमा घाबरली नाही. बंद कीबोर्डवर तिनं 'थांब' टाइप केलं. टिकटिक थांबली. अब्बांचं हसूही मध्येच थांबलं. तोंड उघडं, हात हवेत.

तिनं लगेच 'चालू' टाइप केलं.

टिकटिक तिथूनच पुढे सुरू झाली. अब्बा मात्र तसेच राहिले. अब्बा कुठं थांबले, हे ध्यानात ठेवायचं तिनं कुठंच लिहिलं नव्हतं.